कापडाचा काटकोन : रजईचे ब्लॉक छाटण्याची रीत आणि मोजपट्टीची पारख

१. प्रास्ताविक

घरातील एखादी जुनी गोधडी जमिनीवर पसरून तिच्या चारही बाजू मोजल्या, तर त्या क्वचितच सारख्या भरतील. एखादा कोपरा किंचित पुढे आलेला असतो, एखादी कड थोडी आत गेलेली असते. परंतु त्यामुळे गोधडीची ऊब कमी होत नाही, आणि ती शिवणाऱ्या हाताच्या कौशल्यालाही उणेपणा येत नाही. याचे कारण गोधडीच्या रचनेतच आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने जखडले जातात, आणि वरचे तुकडे जागच्या जागी बसतील तसे बसवले जातात. एक तुकडा लहान पडला, तर शेजारचा तुकडा त्याच्यावर थोडा सरकवून घेता येतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजातील स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात, त्यांचे काम एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्यापर्यंत पोहोचते. अशा पद्धतीत प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याकडे पाहून ठेवला जातो. त्यामुळे चूक उद्भवते तेथेच ती सामावूनही जाते.

रजईचा आणखी एक प्रकार मात्र निराळ्या तत्त्वावर उभा आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झालेल्या या पद्धतीत संपूर्ण रजई एकदम न शिवता तिचे चौरस भाग प्रथम वेगवेगळे शिवून तयार करतात. या चौरस भागास ब्लॉक म्हणतात. वीस, तीस किंवा बेचाळीस ब्लॉक पुरे झाले, म्हणजे ते ओळीने जोडून रजईचा वरचा पदर सिद्ध होतो. या पद्धतीची सोय उघड आहे. लहान जागेत, मांडीवर ठेवून, फावल्या वेळात काम करता येते. निरनिराळ्या व्यक्तींना ते वाटूनही देता येते. परंतु तिची अट तितकीच कडक आहे. वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या हातांनी झालेले हे सर्व ब्लॉक अखेरीस एकमेकांस तंतोतंत जुळले पाहिजेत. ते जुळावेत म्हणून प्रत्येक ब्लॉक जोडणीपूर्वी मोजून, काटकोनात आणून, ठरलेल्या मापाला छाटतात. ही छाटणी कशी करावी, आणि तिच्यासाठी मोजपट्टी कशी पारखून घ्यावी, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

विषय शिवणकामाचा असला, तरी त्यात मोजमापाच्या शास्त्राचे एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. ते असे की, सर्वत्र सारखी असलेली चूक सहसा निभावून जाते. विषम चूकच काम बिघडवते.

२. ब्लॉक वाकडा का होतो ?

कापड हा कागदासारखा स्थिर पदार्थ नाही. विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा, आणि आडवे धागे म्हणजे बाणा, असे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने कापड ओढले, तर ते फारसे वाढत नाही. कारण त्या दिशेने सरळ धागाच ताण सोसतो. परंतु तेच कापड कोनाकोनी, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने ओढले, तर ते सहज ताणले जाते. येथे धागे लांबत नाहीत. त्यांच्यातील चौकोन तिरके होतात. खिडकीची सैल झालेली चौकट एका कोपऱ्यावर ढकलली असता ती जशी कलते, तसेच हे घडते.

रजईच्या ब्लॉकमध्ये त्रिकोणी तुकडे पुष्कळ असतात, आणि काटकोन त्रिकोणाची किमान एक बाजू तरी उरेब दिशेला येतेच. अशी बाजू शिवताना किंचित ओढली गेली, अथवा तिच्यावरून इस्त्री पुढेमागे घासली, तर ब्लॉकचा काटकोन ढळतो. म्हणून शिवणीवर इस्त्री फिरवू नये; ती उचलून ठेवावी, दाबावी आणि पुन्हा उचलावी. कापड कापण्यापूर्वीच त्याला पातळ खळ दिली, तर उरेब कडा अधिक स्थिर राहतात.

दुसरे कारण शिवणीचे. रजईच्या कामात प्रत्येक कडेला पाव इंच कापड शिवणीसाठी सोडण्याचा प्रघात आहे. आपले शिंपी शिवणीत राखलेल्या जादा कापडास माया म्हणतात. तोच शब्द येथे वापरू. तयार रजईत १२ इंचांचा दिसावयाचा ब्लॉक जोडणीपूर्वी साडेबारा इंच असला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंची पाव पाव इंच माया शिवणीत जाणार असते. ही माया मोजताना शिवणीपाशी कापड दुमडल्याने व दोऱ्याच्या जाडीने जो सूक्ष्म भाग खर्च होतो, त्याचाही विचार करावा लागतो. म्हणून अनुभवी हात शिवण पाव इंचाहून केसभर आतच घेतात.

तिसरे कारण गणिताचे आहे, आणि ते मनोरंजक आहे. एका चौरसाचे कर्णावर दोन काटकोन त्रिकोण करावयाचे असतील, तर तयार मापात सात अष्टमांश इंच मिळवून तो चौरस कापावा, असा नियम आहे. हा आकडा कोठून आला ? त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंस पाव इंच माया सोडली, तर त्याची लहान बाजू पाव इंचाच्या (२ + √२) पट, म्हणजे ०.८५३६ इंचाने वाढते. पट्टीवर असे माप नसते; म्हणून ते वर चढवून सात अष्टमांश, म्हणजे ०.८७५ केले आहे. चौरसाचे दोन्ही कर्णांवर चार त्रिकोण करावयाचे असल्यास खरी वाढ १.२०७१ इंच आहे. नियमात ती सव्वा इंच धरतात. तात्पर्य, शिवणारीने एकही चूक केली नाही, तरी तुकडा अल्पसा मोठाच निघतो. या कारणाने पुष्कळ जाणकार मुद्दाम आणखी अष्टमांश किंवा पाव इंच अधिक कापतात आणि शिवल्यानंतर अचूक मापाला छाटतात. छाटणी ही केवळ चुकीची दुरुस्ती नसून पद्धतीचाच एक भाग आहे, हे यावरून ध्यानात येईल.

३. लहान चूक मोठी कशी होते ?

उदाहरणादाखल ओहायो स्टार नावाचा सुप्रसिद्ध ब्लॉक घेऊ. यात तीन ओळींत तीन तीन, असे नऊ चौरस असतात. मधोमध एक साधा चौरस, चार कोपऱ्यांत चार साधे चौरस, आणि चार बाजूंच्या मध्यभागी चार त्रिकोणांचे बनलेले चौरस. या त्रिकोणांमुळे मध्यभागी आठ टोकांचा तारा दिसतो. ब्लॉक १२ इंचांचा असल्यास प्रत्येक लहान चौरस तयार स्थितीत ४ इंचांचा असतो.

आता समजा, शिवणारीने पाव इंचाऐवजी प्रत्येक वेळी एक सोळांश इंच अधिक माया घेतली. सुतारांच्या भाषेत बोलावयाचे, तर ही चूक केवळ अर्ध्या सुताची; कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. परंतु शिवणीला दोन कडा असतात. म्हणून प्रत्येक शिवण एक सूत कापड अधिक खाते. ब्लॉकमध्ये एका दिशेने दोन आतल्या शिवणी आहेत. म्हणजे साडेबारा इंचांऐवजी ब्लॉक सव्वाबारा इंच भरेल. अशा सात ब्लॉकांची एक ओळ जोडली, तर सात ब्लॉकांत पावणेदोन इंच आणि जोडणीच्या सहा शिवणींत पाऊण इंच, अशी एकूण अडीच इंचांची तूट येईल. ८४ इंचांची ओळ साडेएक्याऐंशी इंचांवर येईल.

पण येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सर्व ब्लॉक सारखेच सव्वाबारा इंच असतील, तर रजई अडीच इंच लहान होईल, एवढेच. ती सपाट पसरेल, टोके टोकांशी जुळतील, आणि वापरणाऱ्यास काही कळणारही नाही. खरा उपद्रव होतो तो एक ब्लॉक सव्वाबारा, दुसरा साडेबारा आणि तिसरा एका बाजूने एक व दुसऱ्या बाजूने दुसरे माप दाखवणारा असला म्हणजे. मग लहान कड ओढावी लागते आणि मोठी कड चुणून बसवावी लागते. रजई मध्ये फुगते किंवा कडेला लाटांसारखी हलते. कित्येक महिन्यांचे काम शेवटच्या दोन दिवसांत असे बिघडते. आणि बिघाडाचे मूळ अगदी पहिल्या आठवड्यात असते.

मोजमापाच्या शास्त्रात या दोन प्रकारांस वेगळी नावे आहेत. नेहमी एकाच दिशेने होणाऱ्या चुकीस पद्धतशीर त्रुटी, आणि कधी अधिक तर कधी उणी होणाऱ्या चुकीस यादृच्छिक त्रुटी म्हणतात. पहिलीची सरळ बेरीज होते. दुसरीतील अधिक व उणे काही अंशी एकमेकांना खोडून काढतात. परंतु कोठे काय निघेल, याचा नेम नसतो. छाटणीचे खरे कार्य दुसऱ्या प्रकारची त्रुटी प्रत्येक ब्लॉकपाशीच थांबवून ती पुढच्या ओळीत जाऊ न देणे, हे आहे.

४. चौरसाची परीक्षा

चारही बाजू सारख्या भरल्या, म्हणजे आकृती चौरस झाली, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. कलती चौकटही चारही बाजूंनी सारखीच असते. उलट, दोन्ही कर्ण सारखे असले, तरी तेवढ्याने चौरस सिद्ध होत नाही. कारण आयताचेही कर्ण सारखे असतात. चारही बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, या दोन्ही कसोट्या उतरल्या, तरच तो चौरस.

कर्णाची कसोटी फार संवेदनशील आहे. साडेबारा इंचांच्या ब्लॉकचा कोन ९० अंशांऐवजी ८९ अंश झाला, तर एका बाजूचे टोक सुमारे ०.२२ इंच सरकते. परंतु दोन कर्णांमधील फरक सुमारे ०.३१ इंच भरतो. म्हणजे कोनातील दोष कर्णावर सुमारे दीडपट मोठा होऊन दिसतो. डोळ्याला न जाणवणारा एक अंशाचा कल फीत लावताच उघड होतो.

चौरसाचा कर्ण किती असावा, हा प्रश्न आपल्या देशात फार प्राचीन काळी विचारला गेला होता. यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या निमित्ताने रचल्या गेलेल्या बौधायन शुल्बसूत्रात त्याचे उत्तर आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा. त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग पुन्हा मिळवावा. आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. याप्रमाणे १.४१४२१५७ हे गुणोत्तर मिळते. आजच्या गणनेने ते १.४१४२१३६ आहे. साडेबारा इंचांच्या ब्लॉकचा कर्ण या हिशेबाने सुमारे १७.६८ इंच, म्हणजे पट्टीवर सतरा इंच आणि अकरा सोळांश, असा येतो. हा आकडा कागदावर लिहून शिवणयंत्राजवळ चिकटवून ठेवावा.

५. मोजपट्टीची पारख

पूर्वी पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा नमुना कापडावर ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने कापत असत. पुठ्ठ्याची कड वापराने झिजते, आणि चाळिसावा तुकडा पहिल्या तुकड्याशी जुळत नाही. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा या कंपनीने शिवणकामासाठी फिरत्या गोल पात्याची सुरी बाजारात आणली. रोटरी कटर या नावाने ती ओळखली जाते. तिच्याबरोबर ॲक्रिलिकच्या जाड पारदर्शक पट्ट्या आणि कापण्यासाठी खाली घालावयाची मॅट यांचा प्रसार झाला. या साधनांमुळे पट्टी केवळ मोजण्याचे साधन न राहता पात्याला वाट दाखवणारे साधनही झाली. म्हणून तिची परीक्षा दुहेरी घ्यावी लागते.

पहिली परीक्षा कडेची. कागदावर पट्टीच्या कडेने बारीक रेषा काढावी. मग पट्टी अर्धा फेरा फिरवून तीच कड त्याच रेषेला दुसऱ्या अंगाने लावावी आणि पुन्हा रेषा काढावी. दोन्ही रेषा एकरूप झाल्या, तर कड सरळ आहे. मध्ये फट दिसली, तर कडेचा बाक त्या फटीच्या निम्मा आहे.

दुसरी परीक्षा काटकोनाची. गवंडी आपला गुण्या ज्या रीतीने पारखतो, तीच ही रीत. एका सरळ रेषेवर पट्टीची एक कड टेकवून दुसऱ्या कडेने लंब काढावा. नंतर पट्टी उलटी करून, त्याच बिंदूतून, पुन्हा लंब काढावा. दोन्ही लंब एकावर एक आले पाहिजेत. ते फाकले, तर पट्टीतील कोनाची चूक त्या फाकीच्या निम्मी आहे.

तिसरी परीक्षा खुणांची. १९५९ मधील आंतरराष्ट्रीय करारानुसार एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असे ठरले आहे. आणि मीटरचे माप १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून निश्चित केले जाते. भारतात मोजमापाची राष्ट्रीय मानके नवी दिल्ली येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी सांभाळते. बाजारातील पट्टी या मानकांपासून कित्येक पायऱ्या दूर असते. म्हणून चांगल्या पोलादी पट्टीशी तिची तुलना करावी. १२ इंचांपाशी ३०.४८ सेंटिमीटर जुळले पाहिजेत. घरात दोन पारदर्शक पट्ट्या असतील, तर एकीवर दुसरी ठेवून खुणा जुळतात का, ते पाहावे. न जुळल्यास कोणती खरी, हा वाद घालत बसण्यापेक्षा संपूर्ण रजई एकाच पट्टीने कापावी. पट्टी किंचित खोटी असली, तरी खोटेपणा सर्वत्र सारखा राहील. आणि सारखी चूक निभावते, हे आपण पाहिलेच आहे.

आता निवडीचे इतर मुद्दे पाहू.

(अ) खुणा कोणत्या पृष्ठावर छापल्या आहेत ? सामान्यतः या पट्ट्या सुमारे ३ मिलिमीटर जाड असतात. खुणा वरच्या पृष्ठावर असतील आणि आपण ४५ अंशांच्या तिरक्या नजरेने पाहिले, तर प्रकाशाच्या वक्रीभवनाचा विचार करूनही खूण सुमारे १.६ मिलिमीटर, म्हणजे अर्धा सूत, सरकलेली दिसते. आपण वर जी चूक हिशेबात धरली, ती एवढ्यानेच घडू शकते. म्हणून खुणा खालच्या पृष्ठावर, कापडाला टेकणाऱ्या असाव्यात, आणि पाहणाराने सरळ वरून पाहावे. यासाठी बसण्यापेक्षा उभे राहून काम करणे चांगले.

(आ) रेषेची जाडी किती आहे ? अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेषेची आतली कड धरणे आणि बाहेरची कड धरणे, यांत प्रत्येक ब्लॉकमागे अर्धा मिलिमीटर अंतर पडते. बारीक रेषा पसंत करावी, आणि कापडाची कड रेषेच्या नेमकी खाली झाकली जावी, असा एकच नियम आरंभापासून शेवटपर्यंत पाळावा.

(इ) आकार कोणता घ्यावा ? लांब पट्ट्या कापण्यास साडेसहा इंच रुंद व २४ इंच लांब पट्टी सोयीची असते. परंतु ब्लॉक छाटण्यास चौरस पट्टीच हवी, कारण एका जागी ठेवून तिने दोन बाजू कापता येतात. लहान घटकांसाठी साडेसहा इंचांची चौरस पट्टी पुरते. साडेबारा इंचांच्या ब्लॉकसाठी साडेबारा इंचांचीच पट्टी घेण्याचा मोह होतो. परंतु तिच्यात मापाची रेषा अगदी कडेला येते, आणि कापड तिच्या पलीकडे किती गेले आहे, हे नीट दिसत नाही. ब्लॉकहून दोनतीन इंच मोठी, म्हणजे सुमारे १५ इंचांची पट्टी अधिक उपयोगी पडते.

(ई) एका कोपऱ्यातून निघणारी ४५ अंशांची रेषा असलीच पाहिजे. तिच्यावाचून ब्लॉकचा कर्ण पट्टीशी जुळवता येत नाही.

(उ) खुणांचा रंग कापडावर उठून दिसला पाहिजे. काळ्या रेषा गडद कापडावर हरवतात. दोन रंगांत छापलेली पट्टी फिकट व गडद दोन्ही कापडांवर चालते. पट्टी घसरू नये म्हणून खालचे पृष्ठ खरखरीत असावे. नसल्यास कोपऱ्यांत बारीक पॉलिश कागदाचे छोटे तुकडे चिकटवावेत.

खालच्या मॅटवरही चौकटी छापलेल्या असतात. त्यांवर माप घेऊ नये. मॅट उन्हाने व उष्णतेने वाकते, आणि कापताना तिच्यावरच्या रेषा पट्टीखाली झाकल्या जातात. माप नेहमी पट्टीचेच प्रमाण मानावे.

६. छाटणीची रीत

आरंभी सर्व ब्लॉक इस्त्रीने दाबून पूर्ण थंड होऊ द्यावेत. ऊन कापड मोजू नये. मग एकही ब्लॉक न कापता सर्व ब्लॉकांची उंची, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून कागदावर लिहावेत. ही पायरी कंटाळवाणी वाटते, परंतु पुढील सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. सर्व ब्लॉक साडेबारा इंचांच्या थोडे वर असतील, तर साडेबारा इंच हे माप ठरवावे. सर्वच सव्वाबाराच्या आसपास असतील, तर सव्वाबारा हे माप ठरवून शेजारच्या पट्ट्या व किनारी त्या हिशेबाने कापाव्यात.

आता ब्लॉक मॅटवर सपाट ठेवावा. तो ओढून सरळ करू नये. साडेबारा इंचांच्या ब्लॉकचा मध्य प्रत्येक कडेपासून सव्वासहा इंचांवर येतो. पट्टीवरील सव्वासहाच्या दोन्ही रेषा जेथे छेदतात, तो बिंदू ब्लॉकच्या मध्यावर आणावा आणि ४५ अंशांची रेषा मधल्या चौरसाच्या समोरासमोरील कोपऱ्यांवरून न्यावी. ओहायो स्टारमध्ये आणखी एक पडताळा मिळतो. मधल्या चौरसाच्या दोन शिवणी पट्टीच्या सव्वाचार व सव्वाआठ इंचांच्या रेषांखाली आल्या पाहिजेत. चूक उरलीच, तर ती चारही बाजूंस सारखी वाटून द्यावी. एका कडेवर सगळी ढकलू नये.

पट्टी हाताने घट्ट दाबून प्रथम उजवी कड आणि नंतर, काही न हलवता, वरची कड कापावी. मग ब्लॉक अर्धा फेरा फिरवावा. नुकत्याच कापलेल्या दोन कडा आता डावीकडे व खाली येतील. त्या पट्टीच्या साडेबारा इंचांच्या रेषांशी जुळवाव्यात आणि उरलेल्या दोन कडा त्याच क्रमाने कापाव्यात. डावखुऱ्या व्यक्तीने हाच क्रम आरशातल्यासारखा उलटा घ्यावा. शेवटी दोन्ही कर्ण पुन्हा मोजावेत.

गोल पाते अतिशय धारदार असते. ते नेहमी शरीरापासून दूर जाईल असे चालवावे, पट्टी धरणारी बोटे तिच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत, आणि प्रत्येक काप संपताच पाते झाकावे. ज्यांच्याकडे हे साधन नाही, त्यांनी पट्टीने बारीक रेषा आखून चांगल्या कात्रीने कापावे. वेळ अधिक लागेल, परंतु अचूकतेत उणे राहण्याचे कारण नाही.

७. कोठे थांबावे ?

छाटलेले कापड परत येत नाही. म्हणून कापण्यापूर्वी ताऱ्याच्या टोकांकडे पाहावे. बाहेरच्या कडेवर येणारे प्रत्येक टोक छाटलेल्या कडेपासून बरोबर पाव इंच आत असले पाहिजे. ते अंतर कमी झाले, तर जोडणीच्या शिवणीत टोक गिळले जाईल आणि तारा बोथट दिसेल. पट्टीखाली टोक पाव इंचाच्या रेषेबाहेर दिसले, तर हात आवरावा.

कर्णांतील फरक एक सुताच्या आसपास असेल, तर ब्लॉक न कापताही सुधारता येतो. इस्त्रीच्या पाटावर घातलेल्या जाड कापडावर पेन्सिलीने अचूक चौरस आखावा, ब्लॉक त्या रेषांवर टाचण्यांनी बसवावा, वाफ द्यावी आणि पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवावा. आखूड झालेला कर्ण पुष्कळदा पूर्ववत होतो. फरक त्याहून मोठा असेल, किंवा मध्यभाग फुगला असेल, तर छाटणीने दोष जाणार नाही, केवळ झाकला जाईल. अशा वेळी शिवण उसवणे हाच मार्ग.

पुष्कळ ब्लॉक एकाच रीतीने चुकत असतील, तर शिवणीची परीक्षा घ्यावी. दीड दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना शिवाव्यात आणि दाबून मोजाव्यात. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली, तर शिवण बरोबर आहे. मधली पट्टी एक इंचाहून कमी भरल्यास माया अधिक जात आहे, असे समजावे.

८. इंच की सेंटिमीटर ?

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली. रजईचे बहुतेक छापील नमुने मात्र इंचांत असतात. येथे एक धोका आहे. प्रत्येक तुकड्याचे इंच वेगवेगळे सेंटिमीटरमध्ये बदलून जवळच्या पूर्णांकाला आणले, तर प्रत्येक वेळी निराळी चूक शिरते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ते कधी ६ आणि कधी ७ धरले, की विषमता आलीच. एक तर नमुना इंचांच्या पट्टीने जसाच्या तसा करावा, किंवा आरंभापासून नवा आराखडा सेंटिमीटरमध्ये मांडावा. ३० सेंटिमीटरचा तयार ब्लॉक आणि पाऊण सेंटिमीटर माया घेतली, तर छाटणीचे माप साडेएकतीस सेंटिमीटर आणि कर्ण सुमारे ४४.५ सेंटिमीटर येतो. दोन मापांची सरमिसळ मात्र करू नये.

९. समारोप

आपल्याकडे गोधड्या शिवून विकणारे स्त्रियांचे गट आज ठिकठिकाणी आहेत. गिऱ्हाइकाने ठरावीक मापाची, ब्लॉकच्या पद्धतीची रजई मागितली, म्हणजे परंपरेने चालत आलेले हाताचे कसब एकटे पुरेसे होत नाही. चार घरांत शिवलेले ब्लॉक एका ओळीत बसवावे लागतात. अशा प्रसंगी महागडी साधने मिळोत वा न मिळोत, एक पारखलेली पट्टी सर्वांमध्ये फिरवणे, किंवा तिच्यावरून प्रत्येकीची पट्टी तपासून घेणे, एवढे तरी अवश्य करता येते. कोणाची पट्टी खरी, हा वाद मग उरत नाही, आणि दोष एकीच्या माथी मारला जात नाही.

वाचकांनी या पाठाची सुरुवात कापडाने करू नये. वर्तमानपत्राचा एक चौरस अंदाजाने कापावा, त्याच्या चार बाजू आणि दोन कर्ण मोजावेत, आणि आपला अंदाज किती चुकला, ते लिहून ठेवावे. मग हातातल्या पट्टीची कड व काटकोन वर सांगितल्याप्रमाणे तपासावेत आणि दुसरा चौरस तिने कापावा. दोन्ही कागद शेजारी ठेवले, म्हणजे हात व माप यांतील अंतर प्रत्यक्ष दिसेल. कागदावर केलेली चूक स्वस्त असते. तिच्यापासून शिकून मगच कापडाला पाते लावावे.